सिनॅगॉगच्या छपरासाठी आठ लाख: द्यावेत का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. सोबतच्या फोटोत सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, ठेवायच्या कपाटापुढे पत्र्याची बादली ठेवलेली दिसते आणि वर दोन कौलांच्या फटीतून आभाळ. ते बघून कुणालाही खिशात हात घालावासा वाटेल.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताई ६३ वर्षांच्या, निवृत्त परिचारिका, बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या. ठाण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात. यजमान आता नाहीत, मुलगा इस्रायलमध्ये अश्दोदला. रायगडमधल्या मूळ गावच्या सिनॅगॉगचं छप्पर पावसाळ्याआधी बदलायचं आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत त्यांचे १५ लाख आहेत आणि प्रत्येकी ३ लाखांच्या तीन एफडी. या ९ लाखांतले ८ लाख त्यांना द्यायचे आहेत. त्या लिहितात, “बाबेलहून परतलेल्या आमच्या लोकांनी हात आखडता घेतला नाही आणि देवाने त्यांना काही कमी पडू दिलं नाही. मग मी का घाबरू?”

ताई, मी द्याच म्हणणार आहे. पण आठ लाख नाही.

तुम्ही आधार घेतलाय बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकाचा, म्हणून मी ते हिशेब तपासतात तसं पुन्हा वाचलं. यरुशलेमचं मंदिर पाडून ज्यूंना बाबेलला कैद करून नेलं होतं, त्यांच्या परतीची ही गोष्ट. इ.स.पू. ५३८ च्या सुमारास इराणच्या कोरेश राजाने परतीची मुभा दिली. ४२,३६० माणसं निघाली, दासदासी आणि गायक वेगळे. सोबत ६,७२० गाढवं. यरुशलेमला मंदिराच्या ओसाड जागेवर पोचल्यावर त्यांनी जे दिलं त्याची नोंद आहे: सोन्याची ६१,००० नाणी, चांदीचे ५,००० माने (माने हे वजनाचं माप), याजकांसाठी १०० झगे. आकडा मोठा आहेच. पण त्याच ओळीत दोन गोष्टी आहेत. देणारे होते ‘काही’ कुटुंबप्रमुख, सगळे नव्हेत. आणि त्यांनी दिलं ते आपापल्या ऐपतीप्रमाणे.

आता देवाने कमी पडू दिलं नाही, ते कसं? जे बाबेलातच राहिले त्या शेजाऱ्यांनी निघणाऱ्यांना सोनं-चांदी, सामान, जनावरं दिली. बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने लुटून नेलेली मंदिराची ५,४०० पात्रं कोरेशाच्या खजिनदाराने मोजून परत केली. पुढे इराणच्याच दारयावेश राजाच्या काळात बांधकामाचा खर्च फरात नदीपलीकडच्या प्रांताच्या वसुलीतून द्यायचा हुकूम निघाला. एकाच घराची पुंजी आटेपर्यंत कुणी थांबलं नाही. पुरवठा आला तो पुष्कळ हातांतून आला, आणि देव पुरवतो असं तुम्ही म्हणता तेव्हा ते हातही त्यात धरा.

तुम्ही कदाचित हाग्गय संदेष्टा पुढे कराल. मजुरी भोकं पडलेल्या थैलीत जाते, असं त्याने लोकांना सुनावलं होतं. पण तो रागावला होता तो स्वतःची घरं लाकडाने मढवून मंदिर ओसाड ठेवणाऱ्यांवर. तुमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याची फरशी चार वर्षं फुटलेली आहे, हे तुम्हीच लिहिलंय. तो राग तुमच्यासाठी नाही.

मला जास्त काळजी वाटते ती नहेम्याच्या पुस्तकातल्या पाचव्या अध्यायाची. नहेम्या म्हणजे यरुशलेमचा सुभेदार. हाच समाज, सुमारे नव्वद वर्षांनंतर. दुष्काळात धान्यासाठी शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण पडलेली. राजाचा कर भरायला कर्ज. मुली दासी म्हणून गेलेल्या. आणि सावकार कोण, तर त्यांचेच भाऊबंद. नहेम्याने सगळ्यांसमोर त्यांना गहाणं सोडायला आणि घेतलेलं व्याज परत करायला लावलं, स्वतः बारा वर्षं सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. घरातली गंगाजळी संपली की श्रद्धावान माणसालाही दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. माझ्या एका ज्येष्ठ अशील बाईंनी सगळ्या ठेवी एका धर्मकार्याला दिल्या होत्या. दोन वर्षांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या पैशांसाठी त्या पुतण्याला फोन करत होत्या आणि प्रत्येक वेळी आधी त्याच्या मुलांची चौकशी करायच्या. तो फोन मी समोर बसून ऐकलाय.

तुमच्या शास्त्रींनी हे ओळखलं होतं. दुसऱ्या शतकात गालीलमधल्या उशा गावी ठरलेला दंडक तल्मूद या ज्यू धर्मग्रंथात आहे: देणाऱ्याने पाचव्या हिश्शाहून जास्त देऊ नये, नाहीतर त्यालाच लोकांकडे मागायची वेळ येईल. पुढच्या धर्मशास्त्रात पहिल्या वर्षी मुद्दलाचा हिस्सा आणि नंतर दरवर्षी फक्त मिळकतीचा, अशी फोड आहे. दहावा हिस्सा ही मध्यम प्रत. एखाद्या आर्थिक नियोजकाने याहून नेमकं काय सांगावं?

आता तुमचे आकडे. निवृत्तिवेतन २१,०००. बचत योजनेचं व्याज ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५०, म्हणजे महिन्याला १०,२५०. खर्च २६,००० च्या घरात. शिल्लक सव्वापाच हजार. मेडिक्लेम ३ लाखांचा, त्यात २० टक्के तुम्ही भरायचे, आणि डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी सांगून ठेवलेली. ८ लाख दिलेत तर हाताशी एकच लाख उरतो. मग गुडघ्यासाठी बचत योजनेला हात लावावा लागेल. मुदतीआधी ती बंद केली तर दंड बसतो आणि ज्या व्याजावर घर चालतं तेच आटतं.

एकूण २४ लाखांचा पाचवा हिस्सा ४ लाख ८० हजार, दहावा २ लाख ४० हजार. गुडघा समोर असताना मी दहाव्यावर थांबेन. पुढच्या महिन्यात मुदत संपणाऱ्या एफडीतून २ लाख ४० हजार द्या, उरलेले ६० हजार बचत खात्यात ठेवा. बाकीच्या दोन एफडी मोडू नका. शिवाय दरमहा शिलकीतून दीड हजार द्या, छपरानंतर रंग आणि वायरिंगही निघणारच. तुम्हाला कर लागत नाही, त्यामुळे करसवलतीचा विचार सोडून द्या.

रक्कम एकदम देऊ नका. यरुशलेमच्या लोकांनी गवंडी-सुतारांना पैसे दिले, आणि लबानोनाचं देवदार समुद्रमार्गे याफोला आणणाऱ्या सीदोन-सोरकरांना अन्न, पेय, तेल दिलं. तसंच तुम्ही कामाप्रमाणे द्या: वासे चढले की एक लाख, कौलं बसली की एक, उरलेले शेवटी. विश्वस्तांकडून लेखी अंदाजपत्रक घ्या, चेक ट्रस्टच्या नावाने काढा, पावती मागा. यात अविश्वास नाही. पुढे बाबेलहून दुसरी तुकडी घेऊन आलेल्या एज्राने निघताना सोनं-चांदी बारा प्रमुख याजकांना तोलून दिली, पोचल्यावर चौथ्या दिवशी मंदिरात पुन्हा तोलली आणि सगळं वजन लिहून ठेवलं. वाटेत संरक्षणाला शिपाई मागायची ज्याला लाज वाटली, देव सांभाळील म्हणून ज्याने उपास केला, तोच हा माणूस.

उरलेल्या रकमेसाठी तुमच्या गावातून इस्रायलला गेलेल्या घरांना लिहा. त्या वेळी मागे राहिलेल्यांनी जाणाऱ्यांचे हात बळकट केले, आता गेलेल्यांनी मागे राहिलेल्या वास्तूचे करावेत. पण एक सांभाळा: इस्रायली नागरिकाची देणगी ही परकीय देणगी ठरते, मूळ भारतीय असला तरी. ती घ्यायला ट्रस्टची एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, ती आहे का ते विश्वस्तांना आधी विचारा. मुलाने तुमच्या गुडघ्यासाठी तुम्हाला पैसे पाठवले तर अडचण नाही. मात्र ट्रस्टसाठीचे पैसे तुमच्या खात्यातून फिरवू नका, त्याने कितीही आग्रह केला तरी.

आणि याच आठवड्यात बँकेत जाऊन ती पहिली एफडी आपोआप नूतनीकरणावर टाकलेली नाही ना, ते बघून या.