तारपा नाच: चित्रातून वर्गात

प्रश्न: पाचवीत ४० मुलं आहेत. वारली चित्रातला तारपा नाच, म्हणजे तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा साखळीचा नाच, करायला सांगितला की नुसता गोंधळ होतो, चित्र बाजूलाच राहतं. काय करावं?

उत्तर: एकदम नाचाला हात घालू नका. आधी २ मिनिटं चित्र गप्प बघू द्या. मग प्रत्येकाने एकच आकृती निवडून तसंच स्तब्ध उभं राहायचं. आकृतीच्या धडाचे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जिथे जुळतात ती कंबर, म्हणून सगळं वाकणं तिथूनच होतं. हे सांगावं लागत नाही, मुलांच्या अंगालाच कळतं, आणि खरी गंमत तीच!

मग १२ जणांची साखळी, मधोमध तारपावाला. उरलेल्यांना चित्रं द्या. कोणाचा हात, कोणाचा पाय चुकला ते त्यांनी सांगायचं.

फसतं ते बहुधा इथे: मुलं हात धरून बंद गोल करतात. चित्रात साखळीचं एक टोक मोकळं असतं, म्हणून तर तिचं वेटोळं होतं. ते वेटोळं खडूने फरशीवर आधीच काढून ठेवा. पुढचा पळाला की शेपटाकडची मुलं फरफटतात. तेव्हा एका टाळीला एकच पाऊल, आठव्या टाळीला थांबा. थांबल्यावर विचारा: तारपावाल्याकडे पाठ कोणाची आहे? चित्रात कोणाची आहे का?