पुण्यात हॉस्टेलला जाताना काय काय न्यावं? तिथे तासाभरात जे मिळत नाही तेवढंच ने

तू लिहिलंयस की पुसदहून पुण्याला इंजिनीअरिंगला चाललीस, दहा दिवस राहिलेत, आईने तीन बॅगा भरून चौथी काढलीय, तर नेमकं काय न्यायचं, आणि खाली हळूच विचारलंयस की पहिल्या दिवशी फार रडू येतं का. रडण्याचं शेवटी सांगते, आधी सामान बघू.

मी वाशिम जिल्ह्यातली. २०२३ ला पुण्यात आले, आता शेवटच्या वर्षाला आहे, आणि तीन वर्षं दर ऑगस्टमध्ये आमच्या हॉस्टेलच्या गेटवर नवीन पोरींचं सामान उतरताना बघते. त्यावरून एकच गोष्ट सांगते, जी वस्तू पुण्यात तासाभरात विकत मिळते ती पुसदहून आणू नको. बादली, मग, हँगर, झाडू, कपडे वाळत घालायची दोरी, सुपली, डबे, हे सगळं तुळशीबागेत आणि बोहरी आळीत ढिगाने आहे, आणि तेवढ्या लांबही जायची गरज नाही, प्रत्येक कॉलेजच्या बाहेर हॉस्टेलच्या पोरांवरच जगणारी दोन-तीन दुकानं असतात. पण टीसी, मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला, हे पुण्यात कुठल्याच आळीत मिळत नाही. आपल्या घरात मात्र उलटं होतं, आठ दिवस बॅगा भरण्यात जातात आणि कागद निघायच्या रात्री साडेनऊला शोधतात.

माझी गादी सांगते तुला. कापसाची, घरच्या पऱ्हाटीच्या कापसाची, मुद्दाम नवीन भरून घेतलेली, पप्पांनी सुतळीने बांधून ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत टाकली, त्याचे ड्रायव्हरने वेगळे दीडशे घेतले, मग पहाटे पाचला वाघोलीच्या पुढे उतरून रिक्षावाला म्हणे गादीसकट चारशे. रूमवर आणून टाकली तर हॉस्टेलचा पलंग अडीच फूट रुंद आणि गादी तीन फूट! अर्धा फूट लोंबत होती वर्षभर. त्यात पुण्याचा पाऊस म्हणजे आपल्यासारखा धो धो पडून मोकळा होणारा नाही, सारखी रिपरिप, ऊन दिसत नाही, कापूस ओल धरतो, सप्टेंबरमध्ये त्या गादीला असा वास यायला लागला की रूममेटने खिडकीकडे पाय करून झोपायला सुरुवात केली. दिवाळीनंतर मी फोमची घेतली, बाराशेला. म्हणून गादी नको, पलंगाचं माप तिथे जाऊन घे आणि मग घे.

पुण्यात मिळतं ते आणायचं नाही, याला एकच अपवाद, तो म्हणजे पहिल्या रात्रीचं सामान. रात्रभराचा प्रवास करून आल्यावर कोणी तुळशीबागेत जात नाही. तेव्हा एका छोट्या सॅकमध्ये वेगळं भर आणि ती सॅक डिक्कीत न टाकता स्वतःजवळ ठेव: एक जाड चादर, एक अंगावर घ्यायला, टॉवेल, एक ड्रेस, पाण्याची बाटली, ओडोमॉस, एक्स्टेंशन बोर्ड (रूममध्ये तिघींना मिळून एकच सॉकेट असतो आणि तोही दाराजवळ), पॅड्स, तुझ्या नेहमीच्या गोळ्या, आणि दोन चांगली कुलपं. कुलपाचं कोणी सांगत नाही. कपाट हॉस्टेलचं असतं, कुलूप आपलं. मी पहिली रात्र कपाटाच्या कडीला ओढणी बांधून काढली.

कपडे कमी ने. जीन्स दोन पुरे, पाच नेल्यास तर पाचही ओल्या राहतील. हलके, लवकर वाळणारे कुर्ते, लेगिंग्ज, एक रेनकोट किंवा जॅकेट, छत्री, पावसात चालतील अशा सँडल, आणि एक नटायचा ड्रेस, कारण गणपती येतातच आणि पुण्यात त्या दहा दिवसांत नटल्याशिवाय चैन पडत नाही. स्वेटर आत्ता नको, दिवाळीला घरी येशीलच ना, तेव्हा ने.

आता कागद. तुझ्या मेसेजमध्ये याबद्दल एक ओळ नाही म्हणून जास्त लिहिते.

टीसी ओरिजिनल कॉलेज ठेवून घेतं. ती एकदा दिली की तुझ्या हातात नाही, म्हणून द्यायच्या आधी पाच-सहा झेरॉक्स आणि मोबाइलवर नीट स्कॅन, म्हणजे खरंच नीट, चादरीवर ठेवून काढलेला तिरपा फोटो नाही. दहावी-बारावीच्या मार्कशीट, सीईटीचं स्कोअरकार्ड, कॅपचं (म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं) अलॉटमेंट लेटर, डोमिसाईल, आणि कॅटेगरीतून असशील तर जातीचा दाखला, त्याची व्हॅलिडिटी, आणि लागत असेल तर नॉन क्रिमिलेअर. नॉन क्रिमिलेअरवरची तारीख बघ, पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं पाहिजे. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, तो गावाकडच्या तहसीलमधूनच निघतो, आणि सेतूवाला "उद्या या" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ पुढचा आठवडा असतो हे तुला माहीत असेलच. हा दाखला फीसाठी लागतो. मुलींची फीमाफी माझ्या पहिल्या वर्षी निम्मीच होती, २०२४ च्या जुलैमध्ये जीआर निघाला आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या, कॅपमधून आलेल्या मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. पण माफ म्हणजे आपोआप नाही, महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, फॉर्म भरावा लागतो, दरवर्षी. हॉस्टेलची, मेसची, डिपॉझिटची रक्कम त्यात येत नाही. बाबा अल्पभूधारक असतील तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता त्याच पोर्टलवर बघ, एससीतून असशील आणि सरकारी हॉस्टेल मिळालं नसेल तर स्वाधार योजना बघ.

आणि हा महाडीबीटीचा ओटीपी आधारला जो नंबर लागलेला आहे त्यावर येतो. माझ्या आधारला पप्पांचा नंबर होता. मी पुण्यात कॉलेजच्या लायब्ररीत फॉर्म उघडून बसले की पप्पांना फोन, पप्पा शेतात, शेतात रेंज नाही, मग काकांना फोन, काका गाडीवर शेतात जाणार, पप्पा बांधावर उंच जागी येऊन उभे राहणार, आणि तोपर्यंत ओटीपी गेलेला. एका फॉर्मला तीन दिवस लागले मला. पप्पांना तर शेवटी ओटीपी म्हणजे कोणी सरकारी माणूस वाटायला लागला होता, "आला का गं तो" असं विचारायचे. त्यामुळे या दहा दिवसांतला एक दिवस काढून आधार केंद्रात जा आणि तुझा स्वतःचा नंबर लावून घे, हे सगळ्या बॅगांच्या आधी.

तसंच महाडीबीटीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात येतात. शाळेत असताना स्कॉलरशिपसाठी एखादं झिरो बॅलन्सचं खातं काढलेलं असतं आणि सगळे ते विसरलेले असतात, आणि आधार नेमकं त्यालाच जोडलेलं निघतं. मायआधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे, दोन मिनिटांचं काम, बघून घे.

आता माझी फजिती, म्हणजे तू करणार नाहीस. पप्पांनी ॲडमिशन झालं म्हणून निघायच्याच दिवशी संध्याकाळी नवीन फोन घेऊन दिला. मी खुशीत जुन्यातलं सिम काढून नवीनमध्ये टाकलं, यूपीआय चालू केलं, पप्पांनी माझ्या खात्यात बारा हजार टाकून ठेवले, म्हणे तुझं तू भरायला शीक. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्टेलच्या ऑफिसमध्ये डिपॉझिट दहा हजार. फेल. परत. फेल. नवीन फोनवर यूपीआय चालू केलं की पहिले २४ तास ५००० च्या वर जात नाही, हे मला तिथे खिडकीसमोर उभं राहून कळलं. कॅश घेत नाही म्हणाले. माझं एटीएम कार्ड पोस्टाने यायचं होतं, पप्पांचा फोन बटणांचा. मागे लाइन, लाइनमधल्या पोरी एकमेकींकडे बघतायत, पप्पा उगाच शर्टाचा खिसा चाचपतायत. शेवटी बीडच्या एका मुलीच्या वडिलांनी त्यांच्या फोनवरून भरले आणि पप्पांनी त्यांना तिथेच पायरीवर बसून रोख मोजून दिले. ती मुलगी आता माझी रूममेट आहे, ते वेगळं. पण तू नवीन फोन घेणारच असशील तर आजच घे, नाहीतर पुण्यात पोचून पैसे भरून झाल्यावर.

हॉस्टेलच्या फॉर्मवर लोकल गार्डियन विचारतात, त्यांची सही, फोटो आणि आधारची झेरॉक्स लागते. पुण्यात जी कोणी लांबची मावशी, मामेआत्या, शेजारच्यांचा जावई असेल त्याला आधीच फोन करून ठेव. डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट पण बरेच जण मागतात, गावातल्या ओळखीच्या एमबीबीएसकडून घेऊन ठेव. पासपोर्ट फोटो वीस तरी काढ. वीस जास्त वाटतात ना, पहिल्या आठवड्यात चौदा गेले माझे. रॅगिंग विरोधी ॲफिडेव्हिट ऑनलाइन भरायचं असतं, तुझं आणि आईबाबांचं दोघांचं, ते घरूनच करून टाक. हे सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये, आणि फाइल पोटाशी धरून ये.

खाण्याचं. आई म्हणेल, "तिकडे कोन देईन तुले." बरोबर म्हणते. मेसच्या वरणात गोडवा असतो आणि भाजीत गूळ, आपल्या जिभेला आठ दिवस कळतच नाही की आपण जेवलो की प्रसाद खाल्ला. म्हणून जवसाची चटणी, शेंगदाण्याची चटणी आणि घरचं तिखट ने, पण थोडं थोडं. माझ्या आईने किलोभर जवसाची चटणी दिली होती, चार दिवस टिकली, सगळी विंग चमचे घेऊन आली. लाडू नेशील तर स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, मुंग्या कपाटाच्या कुलपाला विचारत नाहीत. लोणचं दोन पिशव्यांत गुंडाळून आणि कागदांच्या बॅगेपासून लांब. तुरीची डाळ, तांदूळ, कणीक असलं काही घेऊ नको, शिजवायला काही नसतं, कॉइल आणि इंडक्शन वॉर्डन जप्त करते. माझ्या बॅगेच्या तळाशी दोन किलो डाळ निघाली होती. मी फोन केला तर आई म्हणे, "राहू दे, नाई लागलं त घेऊन येजो." दिवाळीला घेऊन आले.

आणि बाजारात सांबार मागू नको. मी पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्या मावशींना म्हटलं पाच रुपयांचा सांबार द्या, त्या म्हणाल्या समोर उडप्याकडे मिळेल. कोथिंबीर म्हणायचं.

ड्राफ्टर, शीट कंटेनर, लॅब कोट, पुस्तकं काही घेऊन येऊ नको. कॉलेज सुरू झालं की सिनियर निम्म्या किमतीत देतात, उरलेली पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात. लॅपटॉप लगेच घ्यायची गरज नाही, आमच्या पहिल्या सेमला कोणाचा फार उघडला पण नव्हता, तोपर्यंत कॉलेजची लॅब आहे.

एसटीने येणार असशील तर बायकांना अर्धं तिकीट आहे, आई सोबत येत असेल तर तिचंही. तिकिटावर शिवाजीनगर लिहिलेलं असलं तरी गाडी वाकडेवाडीला थांबते, मेट्रोच्या कामामुळे स्टँड २०१९ च्या शेवटी तिकडे हलवलं, म्हणून घ्यायला येणाऱ्याला नीट सांग, आमचे काका पाऊण तास जुन्या जागी उभे होते.

आता रडण्याचं. पहिल्या दिवशी नाही आलं मला. पप्पा गेले तेव्हा पण नाही, उलट त्या डिपॉझिटच्या भानगडीत कधी गेले तेच कळलं नाही. चौथ्या दिवशी आलं. पहिल्यांदा जीन्स धुतली होती हाताने, घरी मशीन, मला पिळताच येत नव्हती, दोरीवर टाकली तर खाली शेजारणीच्या पुस्तकांवर थेंब थेंब पाणी, ती ओरडली, बाहेर पाऊस, आणि तेवढ्यात आईचा फोन, जेवली का. बाथरूममध्ये जाऊन अर्धा तास रडले. मग आईलाच विचारलं जीन्स पिळतात कशी, तर म्हणे पिळायचीच नाही, नळाला अर्धी गुंडाळून लटकवून ठेवायची, पाणी आपोआप निथळतं. तसं केलं. शुक्रवारी धुतलेली जीन्स मंगळवारी वाळली.