आराखड्यावर हरकत घेताना : वाचकांचे प्रश्न, निवृत्त नगररचनाकाराची उत्तरे

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं गाव तालुक्याचं, पण आता शहरच म्हणायला हवं. बायपास झाला, एमआयडीसी आली, शेजारच्या दोन वाड्या हद्दीत घेतल्या. जुन्या विकास आराखड्याची मुदत संपत आली म्हणून नगरपरिषदेनं नागरिकांची सभा बोलावली. पडद्यावर उद्यानं आणि सायकल ट्रॅकची चित्रं दाखवली, चहा-वडा दिला, सूचना चिठ्ठीवर लिहायला सांगितल्या. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "लिहा काहीही, नकाशा वरून ठरून आलाय." आपल्या म्हणण्यानं खरंच काही बदलतं का? (गावाचं नाव छापू नये.)

उत्तर : चिठ्ठीत काय लिहिलंत ते तुम्ही कळवलं नाही, पण अंदाज करते : गटार, पथदिवे, मोकाट कुत्री. नोकरीत असताना अशा चिठ्ठ्या मी पुष्कळ वाचल्या. त्यातलं जवळपास काहीच आराखड्यात बसत नाही. ती दरसालच्या अंदाजपत्रकाची कामं. आराखडा बोलतो तो जमिनीबद्दल : कुठली जागा कशासाठी, कुठला रस्ता कुठून आणि किती रुंद. आणि एकदा मंजूर झाला की वीसेक वर्षं तोच मानगुटीवर.

नकाशा ठरून आलाय म्हणणारे अर्धे बरोबर आहेत. अंतिम मंजुरी राज्य शासनाचीच. पण ठरलेले नकाशेही परत गेलेत. मुंबईचा 2034 पर्यंतचा आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये जाहीर झाला, हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो पुन्हा करायला सांगितला. गोव्यात तर 2006 मध्ये अधिसूचित झालेली प्रादेशिक योजना लोकांच्या आंदोलनामुळे 2007 च्या जानेवारीत सरकारला मागे घ्यावी लागली. पुढच्या योजनेचे नकाशे मग गावोगावच्या पंचायतींकडे मतासाठी गेले. तुमच्या गावात एवढं मोठं काही होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. तिथे लढाई एकेका गट नंबरची असते.

आता कामाचं. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात आराखडा आखण्याआधी सध्याच्या जमीनवापराचा नकाशा करायला सांगितलंय, कलम 25. त्यावर हरकती मागवायचं बंधन नाही, म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही. माझ्या मते सगळ्यात मोलाचा टप्पा हाच. एका गावात सर्वेक्षणाची मंडळी बुधवारी फिरली. रविवारी जिथे आठवडे बाजार भरतो, पाय ठेवायला जागा नसते, ती जमीन त्यांना रिकामी दिसली आणि नकाशात "मोकळी जागा" म्हणून रंगवली गेली. पुढे तिच्यावर व्यापारी संकुलाचं आरक्षण पडलं. यात कुणाचा डाव नव्हता, फक्त वार चुकला होता. भाजीवाल्या बायकांपैकी एकीला जरी विचारलं असतं तरी निभावलं असतं. तेव्हा आत्ताच मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या : हा नकाशा पाहायला मिळावा आणि चुका लेखी कळवण्याची संधी मिळावी. नाही म्हणाले तर माहितीचा अधिकार आहेच.

त्या दोन वाड्यांतले ओढे मुद्दाम बघा. मोठ्या नद्यांना पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखलेली असते. ओढ्यांच्या नशिबी बहुधा तेवढंही नसतं. प्लॉटिंगवाला आधी ओढा वळवतो, मग नळीत घालतो, मग त्यावर कंपाउंड येतं. पाणी कुठवर चढलं होतं हे म्हाताऱ्या माणसांना नेमकं माहीत असतं. ते साल, खूण आणि फोटोसह कागदावर आणा.

प्रारूप आराखडा, म्हणजे कच्चा मसुदा, जाहीर झाला की घाई सुरू. नगरपरिषदेच्या आराखड्यावर हरकती-सूचनांसाठी साधारण 30 दिवस मिळतात. ते राजपत्रातल्या सूचनेपासून मोजतात, तुम्ही वर्तमानपत्र वाचलंत त्या दिवसापासून नव्हे. बिल्डरचा आर्किटेक्ट पहिल्या आठवड्यातच भाग नकाशाची प्रत घेऊन गेलेला असतो, आपण मात्र गणपती उरकल्यावर बघू म्हणतो!

आणि "सदर आरक्षण अन्यायकारक असून रद्द करावे" असं लिहू नका. एकाच मजकुरावर पाचशे सह्या आल्या तरी छाननीत त्याची ओळ एकच होते. लिहावं असं : अमुक गटातून दाखवलेला 12 मीटर रस्ता वस्तीतली इतकी घरं तोडतो, उत्तरेला पाणंद आहे, ती रुंद केली तर दोन्ही टोकं जुळतात आणि घरं वाचतात, सोबत मोजणी नकाशाची प्रत. पर्याय दिलेली हरकत फेटाळायची तर कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहायला अधिकाऱ्याला कष्ट पडतात. हे आतल्या माणसाचं सांगणं समजा.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. तिच्यात नगरपरिषदेचे तीन सदस्य आणि शासनानं नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. वेळ थोडा मिळतो. भाषण नको, नकाशावर बोट ठेवा. आणि तारीख चुकवू नका. अर्ज देऊन गैरहजर राहणारे मी फार पाहिले.

प्रश्न : माझी सव्वा एकर जमीन जुन्या आराखड्यात बागेसाठी राखीव आहे. बाग झाली नाही, पैसे मिळाले नाहीत. आता सभेत सगळे म्हणतात बाग हवी. माझं काय?

उत्तर : तुमची चीड रास्त आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर बाग सगळ्यांनाच हवी असते. कलम 127 प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर तुम्ही "जमीन विकत घ्या" अशी खरेदीची नोटीस देऊ शकता. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. नोटीस देण्याआधी वकिलाला दाखवा. मालकीची कागदपत्रं अपुरी म्हणून अनेक नोटिसा फुकट जातात. रोख मोबदल्याऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा, विकता येणारा हक्क, देऊ करतील, पण लहान गावात त्याला गिऱ्हाईक मिळतं का ते आधी बघा.

बाग मागणाऱ्यांनाही एक सांगते. आरक्षणांची संख्या मोजून खूश होऊ नका. त्यातली किती जमीन ताब्यात आली आणि यंदाच्या अंदाजपत्रकात भूसंपादनाला किती तरतूद आहे ते विचारा. पैसा नसताना टाकलेली चाळीस आरक्षणं म्हणजे चाळीस मालकांशी भांडण, आणि काही वर्षांनी चाळीसच्या चाळीस हातची गेलेली. मी सात-आठच मागेन, पण घेता येतील अशी.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. गावच्या आराखड्यावर हरकत घेता येईल का? आणि मंजुरीनंतर आपलं काम संपतं का?

उत्तर : घेता येईल. हरकत कुणीही घेऊ शकतो, मालमत्ता किंवा मतदार यादीत नाव असण्याची अट नाही. पोचपावती मात्र जपा.

दुसऱ्याचं उत्तर, नाही. शासनानं मंजुरीच्या वेळी मोठे फेरबदल केले तर तेवढ्या भागावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. त्यानंतरही कलम 37 खाली किरकोळ म्हणून बदल होत राहतात आणि क्रीडांगणं बरीचशी त्याच वाटेनं जातात. त्याची सूचना वर्तमानपत्रात निविदांच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरात येते आणि हरकतीला महिनाभर असतो. गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकांना रोज ते पान वाचायची जबाबदारी द्या. त्यांनी फोटो काढून पाठवला की पुण्यात बसून अर्ज लिहायचं काम तुमचं.