रॉबर्ट हॉरी कधीच ऑल-स्टार (वर्षातल्या निवडक टॉप खेळाडूंपैकी) नव्हता, मग त्याच्याकडे ७ एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) टायटल कशी?

लोक म्हणतात नशीब, चांगल्या टीम मिळाल्या. मला हे अजिबात पटत नाही. ह्यूस्टनबरोबर २ (१९९४, ९५), लेकर्सबरोबर सलग ३ (२००० ते २००२) आणि स्पर्सबरोबर २ (२००५, २००७), म्हणजे तीन वेगवेगळ्या टीमना तो हवा होता, उगाच कोण ठेवून घेईल?

करिअरची सरासरी मॅचला साधारण ७ पॉइंट. पण त्याचं काम वेगळंच होतं, उंच फॉरवर्ड (सहसा बास्केटजवळ खेळणारा) असून बाहेर थ्री-पॉइंट लाइनला (जिच्या बाहेरून बास्केट केली की ३ पॉइंट) उभा राहायचा, त्यामुळे त्याला गार्ड करणाऱ्याला बाहेर यावं लागायचं आणि आत ओलाजुवान, शॅक, डंकन या त्याच्या टीममधल्या धिप्पाड स्टार्सना मोकळी जागा मिळायची. आज सगळे हेच खेळतात, तो नव्वदच्या दशकात खेळत होता.

आणि शेवटच्या क्षणी हात थरथरायचा नाही! २००२ ला सॅक्रामेंटोविरुद्ध चौथी मॅच, लेकर्स २ पॉइंटने मागे, लेकर्सच्या कोबीचा शॉट हुकला, शॅकचाही हुकला, सॅक्रामेंटोच्या दिवाचने बॉल बाहेर ढकलला तो थेट हॉरीकडे, थ्री (३ पॉइंटचा शॉट), वेळ संपल्याचा बझर, लेकर्स १००-९९ ने जिंकले. मॅच गेली असती तर सिरीज सॅक्रामेंटोच्या बाजूने ३-१ झाली असती.

२००५ च्या फायनलची पाचवी मॅच तर बघाच, डेट्रॉइटविरुद्ध पहिल्या हाफमध्ये शून्य, मग एकदम २१ पॉइंट, आणि ओव्हरटाईममध्ये स्पर्सच्याच जिनोबिलीला बॉल देऊन परत घेतला आणि ५.८ सेकंद बाकी असताना थ्री टाकून मॅच काढली.