मुदत नसलेली नोंद

विमान वाहतूक क्षेत्रातली जी माणसे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, त्यांच्या तोंडी बहुतेक वेळा एकच वाक्य असते : "एवढी वर्षं आणि एवढा पैसा घातला, आता सोडलं तर सगळं वाया जाईल." एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली आणि पुढच्या वर्षी टाळेबंदीत देशांतर्गत प्रवासी विमाने दोन महिने जमिनीवर राहिली, तेव्हा हे वाक्य मी नोकरी गेलेल्यांकडून ऐकत असे. आता ते उत्तम पगारावर असलेली माणसे उच्चारतात. त्यांची कोंडी मला अधिक अवघड वाटते, कारण त्यांना आपला निर्णय परिस्थितीवर सोपवता येत नाही.

ओळख पटू नये एवढे तपशील बदलून एक अनुभव सांगते. मुंबई विमानतळावर चौदा वर्षे विमान देखभाल अभियंता असलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले. वडील एसटीच्या कार्यशाळेत कामाला होते आणि मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी गावाकडची जमीन विकली होती. या गृहस्थांना शाळेत विज्ञान शिकवायचे होते. भौतिकशास्त्राची पदवी त्यांच्याकडे होती आणि सुट्टीच्या दिवशी सोसायटीतल्या मुलांना ते शिकवतही असत.

प्रथम मी एकच गोष्ट तपासली : ही ओढ शिकवण्याची आहे की रात्रपाळीपासून सुटण्याची? हा भेद फार महत्त्वाचा आहे. केवळ थकव्यापोटी व्यवसाय सोडणाऱ्याला पुष्कळदा पाळी बदलून किंवा दीर्घ रजा घेऊनही हवे ते मिळते. त्यांना मात्र मध्यंतरी आठ महिने दिवसाची ड्यूटी मिळाली होती आणि त्या काळात शिकवण्याची इच्छा उलट वाढली होती.

"मग अडतं कुठे?" मी विचारले.

"बाबांनी जमीन विकली, मॅडम. मी हे काम शेवटपर्यंत केलंच पाहिजे."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी निष्ठा आहे. त्यामुळे माझे लक्ष 'केलंच' मधल्या 'च'कडे गेले. वडिलांच्या त्यागाची जाण ठेवणे ही रास्त इच्छा आहे, पण तिचे अटळ फर्मान झाले की माणूस विचार करायचाच थांबतो. मी हे समजावून सांगितले, त्यांनी मान डोलावली, आणि दोन भेटी काहीही हलले नाही. बुद्धीला पटलेली गोष्ट आत उतरायला माणसाच्या स्वतःच्या भाषेतून जावी लागते, हे त्या भेटींनी मला पुन्हा शिकवले.

चौथ्या भेटीत मी त्यांना त्यांच्या कामाविषयीच बोलते केले. विमानातला प्रत्येक दोष लगेच दुरुस्त होतो का, असे मी विचारले. ते खुलून सांगू लागले, की कोणता भाग बंद असतानाही विमान सुरक्षितपणे उडू शकते याची एक मान्य यादी असते. अशा दोषाची लॉगमध्ये नोंद करून तो 'डिफर' करतात, म्हणजे पुढे ढकलतात. मात्र त्याला दोषाच्या वर्गानुसार मुदत असते : काहींना ३ दिवस, काहींना १०, तर काहींना १२०.

"आणि मुदत संपली तर?"

"काम पूर्ण करायचं, नाहीतर विमान उभं करायचं. तारीख न घालता कोणी नोंद ठेवूच शकत नाही."

"तुम्ही तुमची नोंद कधी केली होती?"

ते बराच वेळ गप्प राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "नऊ वर्षं झाली. तारीखच घातली नाही."

तो क्षण माझ्या लक्षात राहिला आहे. निर्णय टाळण्याला ते इतकी वर्षे कर्तव्य म्हणत आले होते. पुढे ढकलण्यात मुळीच कमीपणा नाही. पैसा जमवायला आणि घरच्यांशी बोलायला वेळ लागतोच. घातक असते ते मुदतीशिवाय ढकलणे.

त्या दिवशी त्यांनी स्वतःसाठी १२० दिवसांची मुदत लिहिली आणि त्यात करायची कामेही ठरवली. बी.एड. आता दोन वर्षांचे असल्याने तेवढ्या काळाचा घरखर्च मांडणे हे पहिले काम होते. दुसरे काम देखभाल अभियंत्याच्या परवान्याचे. परवान्यावरचे अधिकार वापरायचे तर गेल्या दोन वर्षांत सहा महिन्यांचा अनुभव लागतो, म्हणजे परतीचे दार एका दिवसात बंद होत नाही. हा नियम त्यांना तोंडपाठ होता, पण स्वतःला लावून पाहण्याचे सुचले नव्हते. वैमानिकांनाही मी हेच सुचवते, की राजीनामा दिल्यानंतरची नोटिशीची लांबलचक मुदत शिक्षा न मानता तयारीसाठी वापरा. आणि चौदा वर्षे 'वाया' जातात म्हणणाऱ्याने एवढे पाहावे, की सही करण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी तपासण्याची जी सवय अंगी मुरली आहे, ती वर्गात शिकवताना कुठे जाणार आहे?

शेवटचे काम वडिलांशी बोलण्याचे होते आणि ते त्यांनी सर्वांत उशिरा केले. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी बी.एड.ची फी किती, एवढेच विचारले.

मुदतीला तीन दिवस उरले असताना त्यांनी राजीनामा दिला. त्याच सुमारास विमानात सेवा देणारी एक तरुणी माझ्याकडे आली. तिला आहारतज्ज्ञ व्हायचे होते. तिचेही ते ठरलेले वाक्य ऐकून घेतल्यावर मी आधी विचारले, हे तिने कोणत्या तारखेपर्यंत पुढे ढकलले आहे. तिने पर्समधून छोटी वही काढली आणि पेन माझ्याकडे मागितले.