दुकान टाकण्याआधी वसुली शीक

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

कुपवाड एमआयडीसीतली नोकरी सोडून तासगाव रोडला मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून द्यायचं, दुकान टाकायचं म्हणतोस. तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही. पाच एचपीची सबमर्सिबल तू एकटा खोलतोस, जुनी तार काढताना टर्न मोजून वहीत लिहितोस, गेज तपासल्याशिवाय नवी तार ओढत नाहीस. असा हात असलेला माणूस सांगली जिल्ह्यात रिकामा बसत नाही. मला विचारायचंय ते वेगळंच. तुला पैसे मागता येतात का?

एप्रिल-मेमध्ये पाणी खोल गेलेलं, व्होल्टेज पडलेलं. एक फेज गेला की मोटर जळालीच. ऊस वाळतोय म्हणून शेतकरी रात्री मोटर पिकअपमध्ये टाकून दारात येतो. त्याची नड खरी असते, त्याला परत पाठवू नकोस. पण तांब्याची तार तुला रोखीनं आणावी लागते आणि तो म्हणतो, ‘बिल निघालं की देतो.’ ऊसबिल आधी सोसायटीच्या कर्जाला वळतं होतं. उरलेल्यात खत, लागण, पोरांच्या फिया, आणि मग तुझा नंबर. बुडवायचं त्याच्या मनात नसतं, पण तोवर दिवाळी येते. काम नाही म्हणून बंद पडलेलं रिवायंडिंगचं दुकान मी क्वचित पाहिलं. तार उधारीत अडकली म्हणून कुलूप लागलेली बरीच पाहिली.

म्हणून पहिल्या दिवसापासून एवढं पाळ: तारेचे पैसे मोटर खोलायच्या आधी, मजुरी उधार ठेवलीस तरी चालेल. जळालेलं तांबं गिऱ्हाइकासमोर काट्यावर घाल आणि त्याचा भाव बिलात वजा दाखव. या धंद्यात नाव जातं ते इथंच. गॅरंटी कशाची, तेही बिलावर लिही. सिंगल फेजिंगनं, म्हणजे एक फेज जाऊन, मोटर पुन्हा जळाली तर ‘तुझं वायंडिंगच कच्चं’ असं सगळ्या गावात होतं. एक फेज गेला की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर स्टार्टरला नसेल तर तो बसवायला सांग, बसवला नाही तर तसं लिहून सही घे. सही मागताना सुरुवातीला जीभ अडखळते. ही भीड मोडायला सहा महिने सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे बस, पण मोटरीला हात लावू नकोस, फक्त वसुली बघ.

आता पगाराचं. हातात येतो तेवढाच पगार धरून तू हिशोब केलास, तो अपुरा आहे. पीएफला तुझे १२ टक्के कापले जातात, तेवढेच कंपनी भरते. पगार २१,००० च्या आत आहे तोवर ईएसआय या कामगार विम्यात आईच्या दवाखान्याचीही सोय आहे. ग्रॅच्युइटी वेगळी. आणि पीएफच्या पेन्शनला १० वर्षं सेवा लागते. तुझी आठ झाली. माझं स्पष्ट मत, ही दोन वर्षं काढ. मुद्रा कर्ज तारणाशिवाय मिळतं हे खरं, पण हप्ता दर महिन्याला असतो आणि रिवायंडिंगची कमाई उन्हाळ्यात. पावसाळ्यात हप्ता कशातून भरणार? त्यापेक्षा या दोन वर्षांत एका हंगामाची तार स्वतःच्या पैशानं घेता येईल एवढं साठव. तेवढं जमलं तर बेलाशक राजीनामा दे, मी स्वतः दुकानाला नारळ फोडायला येईन.

आई म्हणते, मुलीकडचे नोकरी विचारतात. खरंच विचारतात, तिच्यावर चिडू नकोस. तिला हिशोबाची वही दाखव, तोंडी समजावू नकोस.

पुढच्या सुट्टीला मिरजेला ये. येताना पगाराची स्लिप आणि पीएफचं पासबुक आण. माझी उधारीची वही काढून ठेवतो, दोन्ही शेजारी ठेवून बेरीज करू.

तुझा,
काका