मॉरोविंड, ओब्लिव्हियन, स्कायरिम: जुन्या पीसीवर यातला कोणता खेळावा आणि कोणते मॉड टाकावेत?

तुम्ही लिहिलंय की ८ जीबी रॅम आणि ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे, ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतल्या या तिन्ही व्हिडिओ गेमपैकी एक पुन्हा खेळायचाय आणि मॉडची, म्हणजे खेळात बदल करणाऱ्या चाहत्यांच्या फाइलींची, यादी हवी आहे. जाता जाता असंही लिहिलंय की ‘मॉरोविंड मॉडशिवाय खेळण्यालायक नाही, तलवार अंगातून आरपार जाते तरी वार लागत नाही, असं मित्र म्हणतो’. यादीचं नंतर बघू, आधी त्या मित्राचं. कारण कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीतल्या कट्ट्यावर हाच वाद कित्येक वर्षं चाललाय आणि समोरचा गडी अजून एकदाही हिशेब मांडायला बसलेला नाही.

मॉरोविंड २००२ चा. त्यात वार लागला की हुकला हे तलवारीचं टोक कुठे पोचलं यावर ठरत नाही. शस्त्राचं स्किल, त्यात अ‍ॅजिलिटीचा (चपळाईचा) पाचवा भाग आणि लकचा (नशिबाचा) दहावा भाग मिळवायचा. त्या बेरजेला फटीगने, म्हणजे अंगात उरलेल्या दमाने, गुणायचं: हिरवी पट्टी पूर्ण भरलेली असेल तर १.२५ ने, साफ संपलेली असेल तर ०.७५ ने. जे येईल त्यातून समोरच्याची चुकवण्याची ताकद वजा करायची. ती याच पद्धतीने निघते, फक्त तिच्यात स्किल धरत नाहीत.

आता आकडे घाला. लाँग ब्लेड (लांब तलवार) हे मेजर, म्हणजे मुख्य, स्किल घेतलेला रेडगार्ड वंशाचा गडी. मेजरचे ३०, वंशाचे १५, कॉम्बॅट स्पेशलायझेशनचे ५, झाले ५०. अ‍ॅजिलिटी ४०, लक ४०, म्हणून बेरीज ६२. पट्टी भरलेली असेल तर साडेसत्त्याहत्तर. समोरच्याची अ‍ॅजिलिटी ३० आणि लक ४० धरलं तर त्याचे साडेबारा गेले. उरले ६५. म्हणजे पहिल्याच लेव्हलला शंभरातले पासष्ट वार लागतात.

नवा माणूस प्रत्यक्षात काय करतो? खेळ सुरू होतो त्या सेडा नीन गावच्या सरकारी कचेरीत टेबलावर लोखंडी खंजीर पडलेला असतो, तो उचलतो. खंजीर हे शॉर्ट ब्लेड. आपल्या रेडगार्डाचं ते स्किल जेमतेम १०. मग गावाबाहेर पळत सुटतो आणि पळताना फटीग उतरतं हे त्याच्या लक्षातच येत नाही. रिकाम्या पट्टीने लढायला उभा राहिला की २२ गुणिले ०.७५, म्हणजे साडेसोळा, त्यातून साडेबारा वजा. राहिले ४. त्याच कॅरेक्टरचा आकडा पासष्टावरून चारवर आला, आणि शिव्या कोणाला, तर खेळाला. लाल मातीत दमलेल्या पैलवानाचा डाव बसत नाही हे ज्या गावात शेंबड्या पोराला कळतं, त्या गावात हे समजावून सांगावं लागतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

यावर आमच्या कट्ट्यावरचा उपाय म्हणजे ‘प्रत्येक वार लागणार’ असा मॉड. तो टाकला की काय होतं ते नीट बघा. अ‍ॅजिलिटीचा अर्धा उपयोग गेला. सँक्चुअरी हा वार चुकवायचा मंत्र फुकट. फटीग परत भरणारी औषधं कोणी विकत घेणार नाही. पैसे देऊन ट्रेनरकडे शिकायचं कारण संपलं, म्हणजे सुरुवातीला पैशाची चणचण असते तिलाही अर्थ उरला नाही. एका वाराने समोरच्याचं किती नुकसान व्हावं हे काही वार हुकणारच असं धरून ठरवलेलं आहे, त्यामुळे सगळं नको तितक्या वेगाने मरतं. आणि मॉड दोन्ही बाजूंना लागू होत असेल तर पहिल्या लेव्हलला दोन क्लिफ रेसर (उडते प्राणी) मिळून तुम्हालाच संपवतात. मग तो त्रास कमी करायला दुसरा मॉड, त्याने बिघडलेलं निस्तरायला तिसरा. शंभर मॉडच्या याद्या अशाच वाढतात.

म्हणून माझं मत सरळ आहे. जुन्या खेळाला आधी फक्त दुरुस्तीचे मॉड द्या. तो आजच्या मशीनवर न अडखळता चालला पाहिजे, एवढंच. निदान बालमोरा गावाला पोचून सुरुवातीची कामं देणाऱ्या केयस कोसेड्सची पहिली दोन-चार कामं होईपर्यंत नियमांना हात लावू नका.

तुमच्या मशीनला मॉरोविंडच घ्या, आणि ओपनएमडब्ल्यूवर. हे मूळ खेळाचं इंजिन नव्याने लिहिलेलं आहे, मोफत आणि मुक्तस्रोत. खेळाच्या फाइल मात्र विकत घेतलेल्या लागतात. गेम ऑफ द इयर आवृत्ती घ्या, तिच्यात ट्रायब्युनल आणि ब्लडमून हे दोन्ही विस्तार येतात. खेळ सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये टाकू नका, विंडोज तिथे फाइल बदलताना आडवं येतं. डी ड्राइव्हवर साधा फोल्डर करा. ओपनएमडब्ल्यूचा विझार्ड चालू झाला की त्याला तो फोल्डर दाखवा आणि जुन्या आयएनआय फाइलमधल्या सेटिंग आयात करायला सांगा.

पहिला मॉड पॅच फॉर प्युरिस्ट्स. तो फक्त चुका दुरुस्त करतो, खेळाची चव बदलत नाही. दुसरा मॉरोविंड ऑप्टिमायझेशन पॅच, ज्याने मूळ मेश (वस्तूंचे त्रिमितीय आकार) हलके होतात. प्रत्येक मॉडला स्वतःचा वेगळा फोल्डर द्या, मूळ डेटा फाइल्समध्ये काहीही ओतू नका. लाँचरमध्ये ते फोल्डर एकाखाली एक जोडा. एकाच नावाची फाइल दोघांत असेल तर खालच्याची वापरली जाते. मग प्लगिनवर, म्हणजे मॉडमधले बदल खेळाला सांगणाऱ्या फाइलवर, टिक करा. हे दोन्ही वेगळे आहेत, आणि निम्मे लोक इथेच अडकतात. फोल्डर जोडला पण प्लगिन टिक केलं नाही, तर नवे टेक्स्चर (वस्तूंवरची रंगचित्रं) दिसतात पण नवं काम मिळत नाही. टॅमरियल रीबिल्टसारखा नवा प्रदेश जोडणारा मोठा मॉड घेतलात तर टॅमरियल डेटा हा सामानाचा मॉड लागतोच, आणि त्याच्या बीएसए (गठ्ठा बांधलेल्या) फाइल अर्काइव्हच्या टॅबमध्ये वेगळ्या टिक कराव्या लागतात. त्या राहिल्या की घरांच्या, झाडांच्या जागी उद्गारचिन्हाचे पिवळे फलक उभे दिसतात. तसे दिसले की खेळ पुन्हा टाकत बसू नका, टिक बघा.

लांबचं दिसण्यासाठी लाँचरमध्ये डिस्टंट लँड चालू करा. मूळ खेळात जेमतेम एका सेलइतकंच (नकाशाच्या एका चौकोनाइतकंच) दिसतं, पुढे धुकं. तुमच्या कार्डावर तीन-चार सेल ठेवा. कार्ड जास्त ओढत असलं तरी वाढवू नका. खेळ जिथे घडतो ते बेट तसं लहान आहे आणि धुक्यामुळेच ते मोठं वाटतं. बालमोराबाहेरून रेड माउंटनच्या उतारावरचा एकेक दगड दिसायला लागला की वाट शोधायची मजा जाते.

जुन्या मॉडमधली एक खोच. विस्तार येण्याच्या सुमाराचे बरेच प्लगिन जुन्या कन्स्ट्रक्शन सेटमध्ये, म्हणजे मॉड बनवायच्या साधनात, सेव्ह केलेले आहेत. त्या सेटमधल्या दोषामुळे ट्रायब्युनलच्या ११ आणि ब्लडमूनच्या ६१, अशा ७२ गेम सेटिंग प्लगिनमध्ये आपोआप घुसतात. लेखकाने त्यांना हातही लावलेला नसतो. तुमच्या दुसऱ्या मॉडने त्यांतली एखादी बदलली असेल तर एखादा निष्पाप दिसणारा खुर्ची-टेबलांचा मॉड ती गुपचूप मागे फिरवतो. टीईएस३सीएमडी नावाचं साधन आहे, त्याची क्लीन आज्ञा अशा प्लगिनवर चालवा. दुसरं, दोन मॉडनी एकाच लेव्हल्ड लिस्टमध्ये (खेळाडूच्या लेव्हलप्रमाणे वस्तू देणाऱ्या यादीत) शस्त्रं घातली असतील तर शेवटच्याचीच यादी लागू होते, आधीच्याची शस्त्रं खेळात कधी येतच नाहीत. ओपनएमडब्ल्यूसाठी डेल्टा प्लगिनने आणि मूळ इंजिनसाठी टीईएस३सीएमडीच्या मल्टिपॅचने याद्या एकत्र करा. मॉडची भर घातलीत की ही एकत्र केलेली फाइल दरवेळी नव्याने बनवावी लागते.

स्कायरिमबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून लिहितो. आमच्या कट्ट्यावरच्या त्याच गड्याच्या घरी त्याचं मशीन उघडून बसलो होतो. स्पेशल एडिशन, एका क्लिकवर उतरवलेला कोणाचातरी तयार संच, आणि खेळातल्या व्हाइटरन शहराच्या बाजारात पाऊल टाकलं की चित्र गोठायचं. त्याचं म्हणणं, कार्ड बदलायला झालं. मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. ४के टेक्स्चर म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल. बीसी७ दाबणीत (चित्र लहान करून साठवायच्या पद्धतीत) एका पिक्सेलला एक बाइट, म्हणजे १६ एमबी, त्यावर मिपमॅपचा (लांबून दिसण्यासाठीच्या लहान प्रतींचा) तिसरा हिस्सा, एकूण २१ एमबीच्या वर. तेवढाच नॉर्मल मॅप (पृष्ठभागाचे उंचवटे दाखवणारं चित्र). एका चिलखताला ४३ एमबी. अशा चाळीस वस्तू एका चौकात जमल्या की पावणेदोन जीबी गेले, आणि जमीन, भिंती, आकाश अजून मोजलेलंच नाही. हेच २के केलं की चौथाई. कॅथेड्रल अ‍ॅसेट्स ऑप्टिमायझर या साधनाने डोंगर-जमीन २के आणि भांडीकुंडी, कपडे १के केले, तेवढ्यावर गोठणं थांबलं. कार्ड तेच. तरी तो अजून सांगतो की विंडोजच्या अपडेटने झालं.

ज्याने तो संच बांधला त्याच्याकडे मोठं कार्ड होतं, त्याची आवड वेगळी होती. तुम्ही त्याचा खेळ खेळता आणि बिघडला की कुठल्या तीनशे फाइलपैकी कुठली, हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो. स्वतः एकेक टाकला असेल तर शेवटचा काढून बघता येतं.

स्कायरिमची बाकी पथ्यं थोडक्यात. एसकेएसई (बऱ्याच मॉडना लागणारी स्क्रिप्टची जोड) तुमच्या खेळाच्या एक्झी फाइलच्या आवृत्तीलाच जुळणारं हवं. १.५.९७ चं १.६.११७० वर चालत नाही. त्यामुळे स्टीमला आपोआप अपडेट करू देऊ नका आणि खेळ कायम एसकेएसईच्या लोडरनेच सुरू करा. गती ६० फ्रेमवर बांधा. भौतिकीचा हिशेब फ्रेमला जोडलेला आहे, १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर सुरुवातीची बैलगाडीसारखी चालणारी ती घोडागाडी हवेत उडते. त्याहून जास्त हवं असेल तर एसएसई डिस्प्ले ट्वीक्स हा मॉड लागतो. मॉड ऑर्गनायझर या मॉड सांभाळायच्या साधनात डावी बाजू सुट्या फाइलींचा अग्रक्रम ठरवते, उजवी प्लगिनांचा. लूट या क्रम लावणाऱ्या साधनाने लावलेला क्रम हा सुरुवातीचा अंदाज, मॉडमॉडमधला खरा संघर्ष एक्सएडिट या साधनात रेकॉर्ड उघडूनच दिसतो. आणि चालू खेळातून स्क्रिप्ट असलेला मॉड काढू नका. त्याच्या स्क्रिप्ट सेव्हमध्ये बसलेल्या असतात, मॉड गेला तरी त्या तिथेच राहतात आणि पुढे कधीतरी सेव्ह उघडायचा बंद होतो.

ओब्लिव्हियन मी तुम्हाला सुचवत नाही. २००६ चा मूळ खेळ तुमच्याकडे आरामात चालेल. ४जीबी पॅच (खेळाला जास्त रॅम वापरू देणारा), एक्सओबीएसई (एसकेएसईसारखीच जोड) आणि चुका दुरुस्त करणारा अनऑफिशियल पॅच टाकला की पुरे. पण तुमच्याबरोबर सगळं जग लेव्हल वाढवतं आणि रस्त्यावरचा दरोडेखोर काचेचं चिलखत घालून शंभर नाणी मागतो. तिथे मात्र नियम बदलणारा मॉड हवाच. ऑस्क्युरोचा किंवा मास्करचा ओव्हरहॉल (खेळ मुळापासून बदलणारा मॉड), दोन्हींपैकी एकच. हे माझ्या वरच्या म्हणण्याला सोडून आहे असं वाटेल. मॉरोविंडची लढाई नियमाप्रमाणे चोख चालते, ओब्लिव्हियनची लेव्हलिंग नियमाप्रमाणे चालूनच खेळ पोखरते, हा फरक आहे. २०२५ चं रीमास्टर १२५ जीबी जागा मागतं. तुमच्या कार्डावर त्याचं नाव काढू नका.

दोन गोष्टी राहिल्या. ओपनएमडब्ल्यू निवडलंत की एमडब्ल्यूएसईवर (मूळ इंजिनच्या स्क्रिप्ट-जोडीवर) चालणारे मॉड, एमजीई एक्सई (मूळ इंजिनचं चित्र सुधारणारं साधन) आणि मॉरोविंड कोड पॅच (मूळ इंजिनची दुरुस्ती) यांतलं काहीच चालणार नाही. आवडलेला मॉड एमडब्ल्यूएसई मागत असेल तर मूळ इंजिनचाच रस्ता धरा, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं होत नाही. मूळ इंजिनवर प्लगिनांचा क्रम फाइलच्या तारखेवर ठरतो हेही तेव्हा ध्यानात ठेवा. फाइल कॉपी करताना तारीख बदलली की क्रमही बदलला.

आणि सेव्ह. क्विकसेव्ह दरवेळी त्याच फाइलवर लिहितं. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, लिहिता लिहिता गेली तर हातात काहीच राहत नाही. गुहेत शिरण्याआधी नव्या जागी पूर्ण सेव्ह करा. स्कायरिममध्ये एसकेएसईची जोडफाइल त्याच नावाने शेजारी असते, बॅकअप घेताना दोन्ही घ्या. डॉक्युमेंट्सचा फोल्डर वनड्राइव्हकडे गेलेला असेल तर खेळण्याआधी तो परत मशीनवर आणा, नाहीतर सेव्ह आणि आयएनआय वर-खाली होत राहतात आणि तुम्ही मॉडना दोष देत बसता.